लवंग तेल आणि ‘स्ट्रेप्टो’ : प्रयोगशाळेतली जोडी धानाच्या बांधीत चालेल का?

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या पानाचे शेंडे पिवळे पडून कडेने वाळू लागले की कृषी केंद्रात जाऊन ‘स्ट्रेप्टो’ची पुडी मागायची, ही सवय जुनी आहे. आता ती पुडी पिकावर वापरायला बंदी आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या डिसेंबर २०२१ च्या आदेशानुसार शेतीसाठीच्या स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनची आयात आणि उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून थांबले, आणि १ जानेवारी २०२४ पासून पिकावरचा वापरही बंद झाला.

दुसरीकडे मोबाईलवर वेगळीच माहिती फिरते. लवंग, ओवा, दालचिनी, गवती चहा यांची सुगंधी तेले प्रतिजैविकासोबत दिली तर औषधाला दाद न देणारे जिवाणूही मरतात, असे संशोधन झाले आहे म्हणे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की मनात हिशेब सुरू होतोच. घरात उरलेली पुडी आहे, ती निम्मी घ्यावी, पंपात थोडे लवंग तेल टाकावे, खर्च कमी आणि जोर जास्त.

असे करू नका. संशोधनाची बातमी खोटी नाही, पण ते संशोधन कशावर झाले आणि तुमच्या बांधीत काय चालले आहे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर कळले की अशा नावाने विकायला येणाऱ्या बाटल्यांकडेही तुम्ही सावधपणे पाहाल.

बातमीत खरे काय आहे

जिवाणू औषधाला दाद का देत नाही, ते आधी पाहू. प्रतिजैविक जिवाणूच्या पेशीत शिरून त्याचे एखादे महत्त्वाचे काम बंद पाडते. स्ट्रेप्टोमायसिन त्याची प्रथिने बनवण्याची यंत्रणा बिघडवते. यावर जिवाणूंनी उपाय शोधले आहेत. काही जिवाणू औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतात. काही औषध निकामी करणारी विकरे तयार करतात. आणि काहींकडे चक्क पंप असतो. बांधीत साचलेले पाणी तुम्ही मोटार लावून उपसता, तसे हे जिवाणू आत आलेले औषध बाहेर उपसत राहतात. आत पुरेसे औषध साठतच नाही, मग ते मरणार कसे?

सुगंधी तेलांचे काम इथे सुरू होते. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातले सिट्राल, रोशा गवतातले जिरॅनिऑल हे सगळे स्निग्ध पदार्थात सहज मिसळणारे घटक आहेत. जिवाणूची पातळ त्वचाही स्निग्ध पदार्थांचीच असते. तेलाचे घटक तिच्यात घुसतात, ती सैल पडते, गळू लागते. औषधाला आत जायला वाट मिळते आणि पंप चालवायला लागणारी ऊर्जाही कमी पडते. त्यामुळे जे प्रतिजैविक एकटे निष्प्रभ ठरले होते, ते तेलाच्या सोबतीने पुन्हा काम करू लागते. काही जोड्यांबाबत हे वारंवार दिसले आहे.

हे तपासण्याची पद्धतही समजून घ्या. प्लास्टिकच्या एका पाटीत लहान लहान खाने असतात. एका दिशेने तेलाची मात्रा निम्मी निम्मी करत नेतात, दुसऱ्या दिशेने औषधाची, आणि प्रत्येक खान्यात तेवढेच जिवाणू सोडतात. तेल आणि औषध दोन्ही एकेकट्याच्या मात्रेच्या चौथाईवर आणूनही जिवाणू वाढला नाही, तर ती जोडी खरोखर जमली असे मानतात. सगळ्याच जोड्या जमत नाहीत. कित्येकदा दोघांच्या परिणामाची नुसती बेरीज होते, आणि कधी कधी तेल औषधाच्या आड येते. म्हणजे ‘कोणतेही सुगंधी तेल आणि कोणतेही प्रतिजैविक’ असा नियम नाही. एका तेलाचे एका औषधाशी एका जिवाणूवर जमले, एवढाच तो निष्कर्ष असतो.

पिंपरीची पुडीही जोडीच होती

भारतात धानाचा कडाकरपा पहिल्यांदा १९५१ मध्ये महाराष्ट्रातच नोंदला गेला, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. पुढे १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद भागात त्याची मोठी साथ आली. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला होता. माणसांसाठी प्रतिजैविके करणाऱ्या या कारखान्याने पिकांसाठीही औषधे काढली. स्ट्रेप्टोसायक्लीन त्यांपैकीच एक. सहा ग्रॅमच्या त्या लहान पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. कापसावरचा कोनात्मक ठिपके रोग, लिंबावरचा खैऱ्या, डाळिंबावरचा तेल्या, धानावरचा कडाकरपा, सगळीकडे तिचेच नाव.

ही पुडी म्हणजे दोन औषधांची जोडी होती, हे लक्षात घ्या. एकाला दाद न देणारा जिवाणू दुसऱ्याने मरेल, हाच तिच्यामागचा विचार. आज तेल आणि औषधाच्या जोडीबद्दल जे बोलले जाते, त्याच्याशी हा विचार अगदी जवळचा आहे. पण वर्षानुवर्षे एकच गोष्ट मोकळ्या हवेत फवारत राहिले की जिवाणू वाट शोधतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नाशपातीच्या बागांमध्ये स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा जिवाणू १९७१ मध्येच आढळला. चीनमध्ये कडाकरप्याच्या जिवाणूचे असे वाण धानाच्या शेतातूनच मिळाले आहेत. जोडीने प्रतिरोध लांबू शकतो. तो येणारच नाही, अशी हमी कोणतीही जोडी देत नाही.

बंदीचे खरे कारण तर पिकाच्याही पलीकडचे आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले आणि क्षयरोगावरचे ते पहिले परिणामकारक औषध ठरले. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या काही रुग्णांसाठी ते आजही राखून ठेवलेले आहे. शेतात फवारलेले औषध फक्त रोगाच्या जिवाणूवर पडत नाही. माती, पाणी, धुऱ्यावरचे गवत, फवारणाऱ्याची त्वचा, सगळीकडच्या निरुपद्रवी जिवाणूंवरही ते पडते. त्यांच्यात प्रतिरोधाची जनुके टिकतात आणि जिवाणू ही जनुके एकमेकांना देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. आपल्या जिल्ह्यात मामा तलावाचे पाणी एका बांधीतून दुसरीत उतरते, त्याच तलावात जनावरे पाणी पितात, माणसे आंघोळ करतात, मासे धरतात. गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते कौतुकाने, पण या बाबतीत तेच जोखमीचे आहे. इथे बांधीत टाकलेली गोष्ट बांधीत राहत नाही.

जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. यात शेतीचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला मान्य नाही. दवाखान्यात सर्दीला प्रतिजैविक लिहिणारे आणि कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणारे या यादीत बरेच वर आहेत. पण शेतातल्या सल्ल्यातही गोंधळ होता, हे नाकारता येत नाही. ‘काबी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ३२ देशांतल्या पीक सल्ल्यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात पिकांवर ११ प्रतिजैविकांची शिफारस झालेली दिसली, भात पीक त्यात आघाडीवर होते, आणि काही ठिकाणी तर किडींसाठीही प्रतिजैविक सुचवले होते. किडीवर प्रतिजैविकाचा काय उपयोग?

काचेच्या बशीतून बांधीत येताना

आता तेलाकडे वळू. प्रतिजैविक वगळून नुसते लवंग तेल किंवा ओव्याचे तेल फवारले तर? कायद्याची अडचण थोडी कमी होईल, पण विज्ञानाची तशीच राहते.

कडाकरप्याचा जिवाणू पानाच्या वर बसत नाही. पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून किंवा जखमेतून तो आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतो. म्हणूनच पान कडेने आणि शिरांच्या रेषेत वाळत जाते. प्रयोगशाळेच्या बशीत तेल आणि जिवाणू एकाच थेंबात दिवसभर एकत्र असतात. बांधीत तेल पानाच्या वर आणि जिवाणू पानाच्या आत. दोघांची गाठच पडत नाही.

शिवाय ही तेले उडून जाणारी आहेत. त्यांचा वास येतो याचाच अर्थ ती उडत आहेत. ऑगस्टमध्ये पाऊस उघडल्यावर पडणाऱ्या उन्हात पानावरचे लवंग तेल किती वेळ टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ती पाण्यातही मिसळत नाहीत. निंबोळी तेल साबणाशिवाय टाकले की टाकीवर तरंगते, हे तुम्ही पाहिले आहे, तसेच इथे. टाकीतले पहिले पाणी नुसते पाणी आणि शेवटच्या तळात सगळे तेल, असे झाले की शेवटच्या दोन तासांतला धान जळतो. जिवाणूची त्वचा सैल करणारा पदार्थ धानाच्या पानाची त्वचाही सोडत नाही, हे यातले मुख्य दुखणे आहे. लवंग तेल जास्त मात्रेत तण जाळायलाही वापरतात. औषधाची मात्रा आणि पीक जाळणारी मात्रा यांत अंतर किती, ते प्रत्येक पिकावर आणि वाढीच्या प्रत्येक अवस्थेत वेगळे तपासावे लागते.

मात्रेचाच एक हिशेब करू. समजा बशीत लिटरला अर्धा मिली तेल पुरले. एकराला २०० लिटर पाणी धरले तर १०० मिली तेल लागेल. ऐकायला थोडे वाटते. पण बशीतली परिस्थिती गाठायची तर पान पूर्ण ओले करून ते दिवसभर तसेच ठेवावे लागेल. तसे होत नाही, म्हणून मात्रा वाढवायची, आणि मात्रा वाढली की पान करपते. त्यात बाजारातले तेल एकसारखे नसते. गवताचा वाण, कापणीचा हंगाम, ऊर्ध्वपातनाची पद्धत आणि भेसळ यांनुसार मुख्य घटकाचे प्रमाण बदलते. मागच्या बाटलीला लागलेली मात्रा या बाटलीला लागू होईलच असे नाही.

यातल्या काही अडचणींवर शास्त्रज्ञ काम करत आहेत. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात टिकवणे, हळूहळू सुटेल अशा आवरणात बंद करणे, बियाण्याला लावणे, असे प्रयत्न चालू आहेत. माझ्या मते धानात या तेलांना जागा मिळालीच तर ती आधी बियाण्याच्या प्रक्रियेत मिळेल, कारण तिथे तेल आणि जिवाणू जवळ असतात आणि मात्रा हातात राहते. शेतातल्या चाचण्या आणि नोंदणी झाल्याशिवाय मात्र ती तुमच्या कामाची नाहीत. ‘जिवाणूनाशक, शंभर टक्के सुगंधी तेल, कडाकरप्यावर खात्रीचा’ अशी बाटली कोणी दाखवली तर लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक शोधा, आणि त्याखाली धान व हा रोग लिहिला आहे का ते पाहा. नसेल तर बाटली परत द्या. आणि हो, या बातमीच्या भरवशावर मुरमाड जमिनीत गवती चहा किंवा रोशा लावायला निघू नका. ही पिके चांगली आहेत, लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेचे वाणही आहेत, पण त्यांचा हिशेब ऊर्ध्वपातन संयंत्र किती जवळ आहे आणि अत्तर-साबणाच्या बाजारात भाव काय आहे, यावर मांडायचा. औषधाच्या आशेवर नाही.

गोठ्यात हा प्रयोग आणखी धोक्याचा

कासदाह झालेल्या गाईच्या सडात सोडायच्या औषधात लवंगेचे किंवा निलगिरीचे तेल मिसळणे, हा प्रयोग कोणी सुचवला तर ऐकू नका. सडाच्या आतले अस्तर नाजूक असते, तेलाने ते भाजते, आणि कायमचा आंधळा सड झाला तर गाय निम्म्या किमतीलाही जात नाही. औषध दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही हे त्या औषधाच्या लेबलवर असते. त्यात तेल मिसळले की तो हिशेबही कोणी सांगू शकणार नाही.

वनस्पतींचा वापर करायचाच असेल तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पसरवलेली कासदाहाची पद्धत आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून कासेला बाहेरून लेप, दिवसात अनेकदा, पाच दिवस. तो बाहेरून लावायचा आहे आणि सुरुवातीलाच करायचा आहे. दुधात रक्त, ताप, कास दगडासारखी, अशी लक्षणे दिसली तर पशुवैद्यकाला बोलवा. औषध सुरू केले की पूर्ण दिवस द्या. कुक्कुटपालकांनी हेही ध्यानात ठेवावे की माणसांसाठी शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन हे औषध जुलै २०१९ पासून कोंबड्या, दुभती जनावरे, मत्स्यपालन आणि त्यांच्या खाद्यात वापरायला बंदी आहे.

मग कडाकरप्याचे काय करायचे

सगळ्यात आधी रोग ओळखा, कारण आपल्याकडे जळलेल्या प्रत्येक पानाला ‘करपा’ म्हणतात. बुरशीच्या करप्यात डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी रंगाचे ठिपके येतात. तुडतुड्यांनी जळालेला धान बांधीत गोल खळ्यासारखा दिसतो आणि बुंध्याशी तुडतुडे सापडतात. कडाकरपा शेंड्याकडून किंवा कडेने सुरू होतो, पिवळा पट्टा नागमोडी कडेने खाली उतरतो. खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. जिथे हिरवा आणि पिवळा भाग मिळतो तिथला दोन-तीन इंचांचा तुकडा कात्रीने कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात कापलेली बाजू बुडवून धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा पाण्यात उतरू लागला तर तो जिवाणू. धागा नाही तर दुसरे कारण शोधा. कृषी सहायकांनी ही चाचणी प्रत्येक गावात एकदा तरी सगळ्यांसमोर करून दाखवावी. चुकीच्या फवारण्या यानेच बऱ्याच थांबतील.

रोग ठरला तर शिल्लक युरियाचा हप्ता थांबवा. या रोगाला २५ ते ३४ अंश तापमान, दमट हवा आणि वाऱ्यापावसाचे दिवस मानवतात, पण त्याला पोसतो तो जास्तीचा नत्र. गर्द हिरवा, माजलेला धान आधी बळी पडतो. युरिया अर्धा रोवणीला, चौथाई फुटव्यांच्या वेळी, चौथाई लोंबी धरताना असा विभागून द्या, आणि पालाश सोडू नका. रोग असलेल्या बांधीतले पाणी दोन-तीन दिवस काढा, पण ते खालच्या बांधीत उतरणार असेल तर आधी खालच्या शेतकऱ्याशी बोला. शक्य असेल तर पाणी नाल्याकडे वळवा. ओल्या पानांतून फिरून निंदण करू नका, रोगट बांधीतून निरोगी बांधीत जाऊ नका. शेजारी बांधी आपापली वाचवायला गेला तर कोणाचीच वाचत नाही.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी आताच ठरवा. रोवणीच्या वेळी परे उंच झाले म्हणून त्यांचे शेंडे खुडू नका. एकेका शेंड्याची जखम म्हणजे जिवाणूला उघडे दार. आणि बियाणे रोगट बांधीचे ठेवू नका. जिथे दरवर्षी कडाकरपा येतो तिथे प्रतिकारक्षम वाणाचा विचार करा. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ आणि भात संशोधन संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या सुधारित सांबा मसुरीत या रोगाविरुद्धची तीन जनुके एकत्र आणली आहेत. त्यांतले एक आफ्रिकेतल्या रानटी धानातून आले आहे, आणि हा वाण जनुकीय परिवर्तित नाही, नेहमीच्या संकरातून निवडलेला आहे. दाणा बारीक आहे. आपल्या भागात बारीक धानाला मागणी आहे, तेव्हा आधी एका बांधीत लावून पाहायला हरकत नाही. पूर्व विदर्भात तुमच्या जमिनीला कोणता वाण बसेल हे सिंदेवाही आणि साकोलीच्या संशोधन केंद्रांकडून किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडून विचारून घ्या.

फवारणीच हवी असेल तर तांबेयुक्त औषध, तेही लेबलवर धान व जिवाणूजन्य करपा लिहिला असेल तर आणि रोगाच्या सुरुवातीला. ते पानाच्या वर काम करते, नवा संसर्ग रोखते, आत शिरलेला जिवाणू मारत नाही. धान फुलोऱ्यात असताना ते टाळा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस ताज्या शेणाच्या २० टक्के गाळलेल्या द्रावणाची आहे, पहिली फवारणी रोग दिसताच आणि दुसरी पंधरा दिवसांनी. १० लिटर पाण्याला दोन किलो शेण, नीट गाळून. नुकतीच प्रतिजैविक दिलेल्या गाईचे शेण मात्र यासाठी घेऊ नका.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक काम उरते. गावोगावच्या जुन्या घडीपत्रिकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यांत अजून ‘कॉपर ऑक्सिक्लोराईड अधिक स्ट्रेप्टोसायक्लीन’ ही ओळ सापडते, कुठे बियाणे त्यात भिजवायलाही सांगितलेले असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने प्रतिजैविक प्रतिरोधावरचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा २०२५ ते २०२९ साठी जाहीर केला. पण आपल्या पातळीवरचे काम साधे आहे, ती ओळ काळ्या शाईने खोडणे. शेतकऱ्यांच्या कपाटात उरलेल्या पुड्या तलावात, नाल्यात किंवा शेणखड्ड्यात जाऊ नयेत. फोडायच्या नाहीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवायच्या, आणि ज्या दुकानातून घेतल्या त्या दुकानदाराला किंवा तालुका कृषी कार्यालयात दाखवून त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते विचारायचे.